ध्वनिमुद्रणासोबत पॅचही द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकावर आवाज घडवणारी आपल्याकडची तरुण मंडळी ध्वनिमुद्रणे हौसेने ऐकवतात, पण ती ज्यातून निघाली तो सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारा संगणकीय प्रोग्रॅम, मात्र जवळच ठेवतात, ही खटकणारी गोष्ट मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः नॉइज या प्रायोगिक संगीतासाठी ‘प्युअर डेटा’मध्ये एक सिंथेसायझर बांधला आहे. मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात तयार केलेली ही प्रणाली मोफत व खुली असून तीत पडद्यावर चौकोन मांडून ते रेघांनी जोडायचे असतात. या जोडणीलाच पॅच म्हणतात. माझ्या पॅचच्या मुळाशी सेकंदाला ४४,१०० स्वैर आकडे सोडणारा चौकोन आहे. त्यातून रेडिओचे स्टेशन सुटल्यावर येते तशी खरखर निघते. ती फिल्टरमधून गाळायची, किंचित उशिराने पुन्हा स्वतःतच मिसळायची (हाच फीडबॅक), आणि ती कुठे फाटते, कुठे शिट्टी घालते हे ऐकत बसायचे. घरच्यांच्या मते हे संगीत नव्हे, म्हणून मी हेडफोन लावतो.

हा पॅच एका मित्राला पाठवताना फीडबॅक कमाल पातळीवर राहून गेला होता. त्याने ध्वनी सुरू करताच कर्कश किंकाळी उठली आणि स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा भाग, जळका वास सोडून कायमचा गप्प झाला. चूक माझी होती, भरपाईही मीच दिली. पण पॅच उघडा असल्याने त्याच मित्राने तो न्याहाळून फीडबॅकच्या वाटेत आवाजाला मर्यादा घालणारा ‘क्लिप’ हा चौकोन बसवला, आणि त्या मर्यादेवर आपटून आवाजाची जी मोडतोड होऊ लागली ती मला मूळ आवाजाहून सरस वाटली. नुसते ध्वनिमुद्रण पाठवले असते तर ट्वीटर वाचला असता, एवढेच.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्याने मूग या वायरींनी जोडायच्या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई आदी संगीतकारांनी तेथे केलेल्या कामाच्या फिती अलीकडे उजेडात आल्या, हे आपले भाग्यच. परंतु मूगच्या वायरी उपसल्या की ती जोडणी संपली, आणि नुसती फीत ऐकून ती जशीच्या तशी पुन्हा बसवणे जवळजवळ अशक्य असते. आमची अडचण तशी नाही. पॅच म्हणजे काही किलोबाइटची मजकुराची फाइल, ती दडवून ठेवण्याचे कारणच नाही. भातखंडे यांनी घराण्यांत दडलेल्या बंदिशी मिळवून छापल्या, त्यासाठी त्यांना किती उंबरे झिजवावे लागले असतील!

तेव्हा महाविद्यालयीन प्रकल्प असो वा घरचा उद्योग, ध्वनिमुद्रणासोबत पॅच आणि तो बदलण्या-वाटण्याची मुभा देणारी परवान्याची एक ओळ जोडावी, ही विनंती. पाठवण्यापूर्वी आवाजाचा स्लायडर शून्यावर आहे ना, एवढे मात्र पाहावे.

आपला,
एक वाचक, पुणे