भरतीची वेळ विचारून जा

बडोदे,
वैशाख शुद्ध अष्टमी

चि. सौ. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळच्या त्या डंकन्सबी हेडचा फोटो मिळाला. कड्याच्या अगदी टोकाला दोघं पाय सोडून बसला आहात आणि मागे समुद्रात ते दगडी सुळके उभे आहेत. बाबांनी तो सगळ्या वाड्याला दाखवला. मी एकदा पाहिला आणि देवापाशी जाऊन बसले. रागाने लिहीत नाहीये, बाळा. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला.

फेब्रुवारीत थर्सोला पोचलात तेव्हा तू म्हणाली होतीस, "आई, इथे झाडसुद्धा नाही गं. नुसता वारा आणि दगड." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं, कारण 1988 साली लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा पहिल्याच पत्रात मी गुहागरला तुझ्या आजीला लिहिलं होतं, "इथे समुद्रच नाही." दांडिया बाजारच्या त्या खोलीत रात्री जाग आली की मी कान लावायची. लाटांचा आवाज नसला की झोपच लागेना. बाबांना हे मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. संध्याकाळी कामावरून आले की चहा घेऊन ते म्हणत, "चल." मग सूरसागरच्या काठाकाठाने, न्यायमंदिरावरून मांडवीपर्यंत आणि रविवारी कमाटीबागेत. विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून मगरी दाखवत. एक पावसाळा असा गेला आणि मग मला रस्ता विचारावा लागेना. सेव उसळ कुठे चांगली, कुठल्या गल्लीत दुपारी सावली असते, हे पायांनाच ठाऊक झालं. तुम्ही दोघं आता दर रविवारी डबा बांधून निघता ना, तेव्हा मला आमचे तेच दिवस आठवतात. थांबू नका. डनेट हेड झालं, स्मूची गुहा झाली, आता व्हॅलिगोच्या पायऱ्या राहिल्यात म्हणालीस. तिथे जाच.

त्या पायऱ्यांचं तू सांगितलंस आणि मी दिवसभर त्याच विचारात होते. कड्यात खोदलेल्या तीनशेच्या वर पायऱ्या, खाली होड्या लागायच्या, आणि हेरिंग मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन बायका त्या चढायच्या. वर आल्या की विकच्या बाजारापर्यंत दहा-अकरा किलोमीटर चालत. गुहागरला आमच्या दारावरून डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका अशाच जायच्या. पाटी उतरवायला आजी पुढे होऊन हात लावायची. व्हॅलिगोला गेलीस की निम्म्या पायऱ्यांवर थांब आणि ओझं घेऊन चढणाऱ्या त्या बायकांची मनातल्या मनात विचारपूस कर. 'विक' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत उपसागर, हे जावईबापूंनी सांगितलं ते मला फार आवडलं. गाव वसवणाऱ्याला पहिल्यांदा पाणीच दिसलं असणार.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. कावी-कंबोईला काय झालं ते आम्ही तुला कधी सांगितलं नाही. तू घाबरशील म्हणून नाही, माझी चूक होती म्हणून.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बाबा म्हणाले, "समुद्र समुद्र करतेस, चल दाखवतो." इथून पाऊणशे किलोमीटर, जंबुसरवरून. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं, हे तुला माहीत आहे. अमावास्या होती. आमच्याकडे आजोबा भरतीची वेळ पाउणकीच्या पाढ्यावर काढत. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाला. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. आम्ही पोचलो साडेबाराला. पाणी लांब दिसत होतं. मी छाती ठोकून म्हटलं, भरती होऊन गेली, आता पाणी मागेच जाणार. देवळापासून बाजूला, गाळावरून आम्ही दोघं आत चालत गेलो.

छकुले, माझा हिशोब गुहागरचा होता आणि पाणी खंभातचं. आखात आत निमुळतं होत जातं, भरती तिथे टोकाला पोचायला मागाहून काही तास लागतात. आमच्याकडे उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं, त्या आखातात दहाच्या आसपास. आणि ते समोरून येत नाही. आधी मागच्या चरांतून भरतं. आम्ही समोर बघत उभे होतो आणि परतीच्या वाटेवरच्या चरात पाणी शिरलेलं होतं. काठावरून एक म्हातारे मच्छीमार ओरडत आले, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. गुडघाभर गाळात बाबांनी मला ओढत बाहेर काढलं. त्या आजोबांनी आम्हाला पाणी प्यायला दिलं आणि एवढंच विचारलं, "कोणाला विचारून गेला होता?"

तुमच्या समोरच्या पेंटलँड फर्थ या सामुद्रधुनीबद्दल बाबांनी मला वाचून दाखवलं. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, दोघांच्या भरतीच्या वेळा वेगळ्या. म्हणून एकीकडे पाणी वर, दुसरीकडे खाली, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने ते ताशी वीस किलोमीटरच्याही पुढे धावतं. त्याच जोरावर तळाशी पाती बसवून 2016 पासून वीज काढताहेत. जिथे पाण्याने वीज होते तिथे आजोबांचा पाढा लावू नकोस. रोज भरती पाऊण तासाने किंवा जरा जास्तच पुढे सरकते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमी चढाची भरती, एवढं सगळीकडे खरं. वेळ मात्र तिथल्या माणसाला विचारायची.

आणि दगड. कोकणातला कातळ काळा, अखंड, घणाने फुटत नाही. तुमचा तो लादीचा दगड म्हणजे चिरोट्याचे पापुद्रे. अडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड सरोवराचा तळ, थरावर थर. शेताला कुंपणही उभ्या लाद्यांचंच घालतात म्हणालीस, ते बघायला मला फार आवडेल. पण पापुद्र्याचा दगड कडेला सुटतो. वर हिरवं गवत दिसतं आणि खालून समुद्राने पोखरलेलं असतं. म्हणून तो फोटो पाहून माझ्या पायातलं बळ गेलं. पफिन पक्षी चार हात मागूनही दिसतात. ते जुलैअखेरपर्यंत आहेत ना, मग घाई कसली? पोटावर पडून बघायची सवय लावा.

शेजारच्या ज्या आजींनी तुला स्कोनचं पीठ मळायला शिकवलं, त्यांचे वडील होडीवर होते म्हणालीस. त्यांच्याकडे जा. सोबत थोडे चिरोटे ने, ते घरी करता येतील तुला. कुठल्या घळीत उतरायचं नाही, कुठला वारा सुटला की घरी बसायचं, हे नकाशात नसतं. आणि त्या घळीला तिथे काय म्हणतात ते पुन्हा सांग. 'गिओ' का? बाबा वहीत लिहून घेताहेत.

जावईबापूंचं काम कसं चाललंय? डूनरेची ती जुनी अणुभट्टी उतरवायला इतकी वर्षं लागतात हे ऐकून बाबा चकित झाले. त्यांना स्वतंत्र लिहिणार आहेत.

मेतकूट, आमसुलं आणि गोडा मसाला पाठवते आहे. रात्री नऊलाही उजेड असतो म्हणून उशिरा जेवू नका.

रविवारी व्हॅलिगोला निघायच्या आधी भरती किती वाजता आहे ते मला कळव. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तुमची वेळ मी आमच्या तिथीखाली लिहून ठेवणार आहे.

तुझी आई