मत दिसलं, डुकरांची बँक दिसली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या फॅनी लू हेमर या कृष्णवर्णीय बाईवर लेख आला, बरं वाटलं, नाहीतर मराठीत अशा बायकांवर कोण लिहितं. पण लेख १९६४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मताच्या हक्कासाठी केलेल्या तिच्या त्या गाजलेल्या भाषणापाशी आला आणि तिथंच संपला, खाली तिच्या थडग्यावरचं वाक्य टाकलं, सोसून सोसून आता सोसण्याचाच वीट आलाय म्हणून, झालं. अहो पण त्या भाषणानंतर ती बाई बारा वर्षं जगली, आणि त्या बारा वर्षात तिनं जे केलं ते माझ्या मते भाषणापेक्षा मोठं होतं. ते सांगायला हे पत्र. लांबलं तर कापा, पण डुकरांचा भाग तेवढा कापू नका.

आधी लहानपणाचं, कारण लेखात ते 'गरिबीत गेलं' एवढ्या दोन शब्दात उरकलंय. १९१७ चा जन्म, मिसिसिपी राज्यातला, वीस भावंडात सगळ्यात धाकटी. आईबाप बटईनं कापूस करायचे. सहा वर्षांची असताना मालक म्हणाला, तीस पौंड कापूस वेचून दाखव, माझ्या दुकानातला खाऊ देतो. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, पोरीनं आठवडाभरात वेचला, खाऊ मिळाला, आणि पुढच्या आठवड्यापासून साठ पौंडाचं बंधन पडलं. ते दुकान पण मालकाचं, उधारी त्याच्याच वहीत, वर्षाच्या शेवटी हिशोबाला बसलं की बटईवाल्याकडंच बाकी निघायची. वेचणी संपल्यावर आई पोरं घेऊन राहिलेला कापूस वेचत हिंडायची, आपल्याकडं सरवा वेचतात ना, तसं, थंडीत पायाला चिंध्या गुंडाळून. एकदा बापानं पै पै जमवून स्वतःची खेचरं आणि गाय घेतली, आता जरा डोकं वर निघणार, तर कुणीतरी गोऱ्यानं त्यांच्या खाण्यात विष कालवलं. जनावरं मेली आणि घर पुन्हा होतं तिथंच.

हे मी इतकं लावून धरतेय कारण आमची आई तीस वर्षं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायची. संध्याकाळी काट्यावर गाठोडं टाकलं की पाला आहे, ओल आहे म्हणून दोन किलो हमखास कापायचे आणि कुणाची बोलायची टाप नव्हती. हेमरबाई मोठी झाल्यावर मळ्यावर मजुरांच्या हजेरीचं, वजनाचं काम बघायची. काट्याचं वजन मालकाच्या सोयीचं असायचं, मापात पाप, तर ही काय करायची, मालकाची पाठ फिरली की आपलं खरं वजन काट्याला लावायची. तो आला की पुन्हा त्याचं. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती आधी तोंडाला पदर लावून हसली, मग म्हणली, आमाला बी सुचाय पायजे होतं की गं. माझ्या मते त्या बाईचं आर्थिक न्यायाचं काम इथनंच सुरू झालं, पुढं मग भाषणं, परिषदा वगैरे.

१९६१ ला छोट्या गाठीचं ऑपरेशन म्हणून दवाखान्यात गेली आणि न विचारता तिची पिशवीच काढून टाकली. यावर मी जास्त लिहीत नाही, ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. मग १९६२ च्या ऑगस्टमधे मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, ते तुमच्या लेखात आहे, परत येताना बस जास्तच पिवळी आहे म्हणून पोलिसांनी दंड लावला ते पण आहे. पण त्याच दिवशी मालकानं तिला सांगितलं की अर्ज मागं घे नाहीतर घर सोड, आणि अठरा वर्षांचं काम, राहतं घर सगळं एका रात्रीत गेलं, याला लेखात अर्धीच ओळ. नवऱ्याला मात्र मालकानं सुगी संपेपर्यंत ठेवून घेतलं, कापूस कोण काढणार मग. शेजारच्या लेफ्लोर काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) तर त्याच हिवाळ्यात सरकारकडून येणारं फुकटचं धान्यच बंद करून टाकलं, वीसेक हजार लोक त्यावर जगत होते, कारण काय तर काळे लोक मतासाठी नाव नोंदवायला लागले होते.

म्हणजे बघा, मताचा हक्क नुसता कायद्यानं मिळून भागत नव्हतं. घर मालकाचं, दुकान मालकाचं, धान्य सरकारी बाबूच्या हातात, मग मत कुणाचं? हे तिला जेवढं कळलं होतं तेवढं पुष्कळ पुढाऱ्यांना कळलं नव्हतं असं मी बिनधास्त म्हणते. ती म्हणायची की हिवाळ्यासाठी चारशे बरण्या भाजी आणि सूप घरात भरलेलं असलं की तुम्हाला कोण ढकलू शकत नाही आणि काय बोलायचं ते पण शिकवू शकत नाही. बेगमी म्हणतो ना आपण, तीच.

आता डुकरं. आपल्याकडं नाव काढलं की नाक मुरडतात, पण तिकडच्या गरीब घरात एका डुकरावर हिवाळा निघायचा. १९६८ च्या सुमारास नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या बायकांच्या संघटनेनं तिला चाळीसेक डुकरं दिली, बहुतेक माद्या, थोडे नर. तिनं ती वाटून टाकली नाहीत, बँक काढली. घरात गाभण मादी न्यायची, खाऊ घालायची, पिल्लं झाली की त्यातला वाटा बँकेला परत, तो पुढच्या घराला, बाकीची आपली. व्याज नाही, तारण नाही, अंगठा नाही. आमच्या भागात वाट्यानं शेळी देतात तसंच हे, फरक एवढाच की आमच्यात परत येणारा वाटा शेळीच्या मालकाचा आणि तिच्याकडं तो पुढच्या गरिबाचा. बघता बघता शेकडो घरात डुकरं पोचली.

१९६९ ला तिनं चाळीस एकर जमीन घेतली, फ्रीडम फार्म म्हणून सहकारी शेती, नंतर आणखी सहाशे चाळीस एकर. भेंडी, वाटाणे, शेंगा, पालेभाजी, रताळी खायला, कापूस आणि सोयाबीन हप्ते भरायला. सभासदाची वर्गणी महिन्याला एक डॉलर, तर तो पण जेमतेम तीस घरांना परवडायचा, आणि नावापुरती सभासद असलेली घरं होती पंधराशे! भाजी मात्र न भरणाऱ्यालाही मिळायची, उपाशी गोऱ्या कुटुंबांनाही. तोवर कापूस वेचायची यंत्रं आली होती, बटईवाल्यांना रानातनं हाकलणं चालू होतं, आणि तिच्याच सनफ्लॉवर काउंटीतल्या जेम्स ईस्टलँड या सिनेटरला १९६७ साली शेतीच्या सरकारी सबसिडीपोटी दीड लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाली होती. तिला मात्र जमिनीच्या पैशासाठी गावोगाव भाषणं करत हिंडावं लागलं, गायक हॅरी बेलाफाँटेनं पैसे उभे करायला मदत केली.

आणि हो, ते टिकलं नाही. हे पण लिहायलाच पाहिजे, नाहीतर आपण तिची देवी करून कोनाड्यात बसवू. पूर, दुष्काळ, १९७१ चं वादळ, कापूस बुडाला की हप्ते थकायचे, देणगीदार हळूहळू आटले, हिची तब्येत पार गेलेली, आणि १९७६ मधे कर थकले म्हणून जमीन गेली. पुढच्याच वर्षी १४ मार्चला ती वारली, ५९ वर्षांची होती. काहीजण म्हणतात तिला धंदा कळत नव्हता. असेल. पण ज्या घराकडं महिन्याला डॉलर नाही त्याच्या जिवावर चाललेली शेती दोन वर्षं पाऊसपाण्यानं झोडपल्यावर कोणत्या हिशोबनिसानं वाचवली असती ते मला सांगा. आमचा बचत गट अकरा बायकांचा, एका साली तिघींचे हप्ते थकले तर बाकीच्या आठजणींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

१९२० च्या जनगणनेत अमेरिकेत सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते, आता पन्नास हजारसुद्धा राहिले नाहीत. त्यामुळं तिची शेती बुडाली हे तिच्या एकटीचं अपयश म्हणून वाचू नये असं मला वाटतं.

एक विनंती. लेखाबरोबर माईकपुढचा फोटो होता आणि खाली 'मतदान हक्काच्या कार्यकर्त्या' असं छापलं होतं. पुन्हा कधी छापाल तेव्हा त्यात 'आणि शेतकरी' एवढं वाढवा.

आपली,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)