ऋतूंचे सण शिवार पाहून ठरावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आधुनिक पेगन (युरोपातील ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेवरून प्रेरणा घेणारी) आणि त्यातल्याच विक्का (स्वतःला चेटूकविद्येशी जोडणारा पंथ) उपासनेतले ऋतुसण सोलापुरातील काही तरुण मुलेमुली घरच्या घरी साजरे करू लागली आहेत, अशी बातमी आपल्या दैनिकात आल्यापासून वाचकांच्या पत्रांत दोनच सूर ऐकू येत आहेत. एक म्हणतो, हा परदेशी जादूटोणा बंद करा. दुसरा म्हणतो, ज्याचा त्याचा प्रश्न. माझे म्हणणे निराळे आहे. या मुलांनी सण जरूर करावेत, फक्त त्यांचे दिवस इंग्लंड-आयर्लंडच्या हवामानावरून न घेता सोलापूरच्या शिवारावरून घ्यावेत.

कायद्याचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून त्याबद्दल आधी थोडे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अघोरी उपायांनी इजा करणे, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणे अशी विशिष्ट कृत्ये नमूद आहेत. घरात चार दिशांना चार दिवे लावून ऋतूचे आभार मानणे त्यात बसत नाही. उलट, अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिला त्रास देणे मात्र त्यात बसते, हे संतापलेल्या पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावे. उद्या कोणी मंत्राने आजार घालवतो म्हणून पैसे उकळू लागला, तर तो पेगन असो की आपल्याच गल्लीतला बाबा, दोघांना कायदा सारखाच लागू व्हावा.

विक्काच्या वर्षचक्रात आठ सण असतात. सर्वांत लहान दिवस, सर्वांत मोठा दिवस आणि दिवस-रात्र समान असण्याचे दोन दिवस हे चार सूर्याचे. आणि त्यांच्या अधेमधे येणारे साविन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लुनासा हे चार गुराढोरांचे आणि धान्याचे. 1 मेच्या बेल्टेनला आयर्लंडमध्ये गुरे उन्हाळी कुरणांकडे नेण्याआधी दोन जाळांच्या मधून हाकली जात, ऑक्टोबरअखेर साविनला ती कुरणांवरून परत आणली जात, आणि 1 ऑगस्टच्या सुमारास लुनासाला नव्या धान्याच्या कापणीस सुरुवात होत असे. मात्र हे आठही सण एका माळेत ओवले गेले ते 1950 च्या दशकात, जेराल्ड गार्डनर यांच्या विक्का मंडळींत आणि रॉस निकोल्स यांच्या ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचे नाव घेणाऱ्या) वर्तुळात. सप्टेंबरच्या सणाला ‘मेबन’ हे नाव तर अमेरिकेतील एडन केली यांनी 1970 च्या दशकात दिले. कोणत्याही एका प्राचीन समाजात हे आठही सण एकत्र पाळले जात होते याला पुरावा नाही, हे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी सविस्तर मांडले आहे. तेव्हा हजारो वर्षांच्या अखंड परंपरेची भाषा सोडून द्यावी. त्यात कमीपणा काही नाही. विचारपूर्वक बसवलेले चक्र विचारपूर्वक फिरवताही येते. ऑस्ट्रेलियातील आणि न्यूझीलंडमधील अनेक पेगन ते सहा महिन्यांनी फिरवून घेतात, कारण त्यांच्याकडे वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो.

आपल्याकडे तर नुसते सहा महिने सरकवूनही भागत नाही. लंडनला डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासांपेक्षाही कमी असतो, सोलापूरला तो अकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे सूर्य परतेल की नाही ही काळजी येथे कधी कोणी केली नाही. येथे काळजी पावसाची. 1 मे रोजी फुलांचे मुकुट घालून वसंताचे स्वागत करायचे, तर आपला पारा चाळिशीपुढे गेलेला. आणि 1 ऑगस्टला कापणीचा उत्सव करायचा, तर आपली रब्बी ज्वारी अजून पेरायचीच असते.

ही मुले ज्याच्या शोधात आहेत ते वेळ अमावस्येला तालुक्याच्या कोणत्याही शिवारात आयते भेटेल. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात, ज्वारी ऐन भरात असताना कडब्याची खोप उभारून तिच्यात पाच पांडवांची पूजा होते. हिरवा हरभरा, तूर, शेंगदाणे घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवून पिकावर आंबील शिंपडली जाते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रहाने जेवायला बसवले जाते. अक्कलकोटकडे ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर, कारहुणवीला बैल सजवतात. 2024 मध्ये तर ज्येष्ठ पौर्णिमा आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस दोन्ही 21 जूनलाच आले होते. मेणबत्त्या आणि पाइनच्या प्लॅस्टिक फांद्या मागवण्यापेक्षा त्या दिवशी अक्कलकोटला जाणे स्वस्तही पडले असते.

‘परदेशी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. सिद्धेश्वरांची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक ज्या मकर संक्रांतीला होते, तिलाच आपण उत्तरायणाचा आरंभ म्हणतो; प्रत्यक्षात सूर्य 21-22 डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. संपातबिंदू (दिवस-रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो ती जागा) सरकत असल्यामुळे सुमारे 72 वर्षांत एक दिवस या हिशेबाने हे अंतर वाढत आले आहे. यात्रेचा दिवस बदलावा असे मी मुळीच म्हणत नाही, पण आकाशाकडे स्वतः पाहून दिवस ठरवण्याची सवय आपलीही सुटली आहे, आणि ती या मुलांमुळे परत येत असेल तर त्यांच्यावर डाफरण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या दैनिकास एक विनंती आहे. राशिभविष्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा लहानशी चौकट द्यावी, तीत सोलापूरचे सूर्योदय-सूर्यास्त, दिवसाची लांबी आणि कोणते पीक कोणत्या अवस्थेत आहे एवढेच असावे. पिकांची माहिती येथील कोरडवाहू शेती संशोधन केंद्राकडून मिळू शकेल.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर