पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या काकांना, एका तीन पायांच्या स्विचबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

मी बनवलेला हातातला निन्टेंडो ६४, म्हणजे व्हिडिओ गेमचा कन्सोल, आता कंट्रोलर आपोआप बदलतो, तो तुमच्यामुळे. आभार मुद्दाम जाहीर मानतोय, कारण असला कन्सोल घरी बनवणाऱ्या कुणालाही तुमची युक्ती कामी येईल.

कन्सोल १९९६ सालचा. त्याचा बोर्ड, बॅटरी आणि छोटा स्क्रीन एकाच डब्यात बसवलाय, बटणं डब्यावरच. पण टीव्हीला जोडला की भाचीला सुटा कंट्रोलर हवा असतो, आणि तिथेच अडत होतं. या कंट्रोलरला तीनच तारा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. डेटाच्या त्या एकाच तारेवर कन्सोल विचारतो आणि कंट्रोलर उत्तर देतो, एकेक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. त्या तारेला डब्यातला आणि सुटा असे दोन्ही कंट्रोलर जोडले तर दोघंही एकदम बोलतात. तारेचा व्होल्टेज शून्याकडे ओढणाऱ्याचं चालतं, आणि ‘दाबलेलं नाही’ सांगणारा तो जास्त वेळ ओढून धरतो, त्यामुळे एकाने दाबलेलं बटण दुसऱ्याच्या ‘दाबलेलं नाही’मध्ये बुडून जातं.

मी रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, मागितला. तुम्ही आधी विचारलंत, “बॅटरीवर चालतं ना?” ५ व्होल्टचा साधा रिले नुसता ओढलेला राहायला ७० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. मग दुरुस्तीला आलेल्या ट्रान्झिस्टरमधलं इअरफोनचं सॉकेट दाखवलंत. पिन आत गेली की पत्ती उचलली जाते आणि स्पीकर सुटतो. चिप नाही, प्रोग्रॅम नाही. तेच सॉकेट इथे का चालणार नाही, हेही सांगितलंत: पिन सरकताना शेजारच्या पत्त्यांना शिवत जाते, त्यात ३.३ व्होल्टची असली तर शॉर्ट. म्हणून कंट्रोलरचं मूळ सॉकेट तसंच ठेवून त्यामागे पत्तीचा मायक्रोस्विच, प्लग आत गेला की पत्ती दाबून जोडणी बदलणारा. कन्सोलची डेटा तार कॉमनला (सामाईक पायाला), डब्यातल्या बटणांची एनसीला (एरवी जोडलेल्या पायाला), बाहेरच्या सॉकेटची एनओला (पत्ती दाबल्यावरच जोडल्या जाणाऱ्या पायाला).

३.३ व्होल्ट आणि ग्राउंड मात्र दोन्हीकडे कायम ठेव, हा आग्रह तुमचाच. त्याचं मोल खेळताना कळतं. ही जॉयस्टिक आपला मध्य वीज मिळते त्या क्षणी ठरवते. आतल्या कंट्रोलरची वीज मध्येच तुटली असती, तर परत येताना अंगठा जिथे असेल तोच तिने मध्य धरला असता. बाहेरच्या कंट्रोलरचा मध्य सरकलाच तर एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबायचं.

अशा कामाला हल्ली पटकन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम घातलेली चिप, सुचवतात. माझ्या मते इथे त्याची गरजच नाही. भाची खेळता खेळता केबल लावते, काढते, आणि डाव चालू राहतो.

बिलामागे तुम्ही काढलेली जोडणी झाकणाच्या आत चिकटवली आहे, पुढे डबा उघडणाऱ्याला कळावी म्हणून. आता त्यात दुसऱ्या खेळाडूचं सॉकेट बसवायचंय. त्याचं सामान घ्यायला येईन तेव्हा डबाही आणतो. तुम्ही एक डाव खेळून बघाच.

तुमचा कृतज्ञ,
रिले मागायला आलेला मुलगा