शांततेची स्पर्धा नको, गोष्टीचा तास हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ सप्टेंबरचा जागतिक शांतता दिन जवळ आला की शहरातल्या अनेक शाळांत चित्रकला स्पर्धेची सूचना लागते. विषय ठरलेला, बक्षिसेही ठरलेली. ज्या मुलाच्या घरात रोज आरडाओरडा होतो, त्याच्या पदरात यातून काही पडत नाही. त्या मुलासाठी गोष्टीचा तास हवा, आणि तो कोणत्याही शाळेला जमण्यासारखा आहे.

एका गटात १२ ते १५ मुले असावीत. त्याहून जास्त झाली की बोलकी तेवढी बोलतात. आठवड्यातून एकदा ४५ मिनिटे, निदान ८ आठवडे. सुरुवातीला मुले बाईंना किंवा सरांना आवडेल तेच बोलतात, म्हणून एका दिवसाच्या शिबिराने भागत नाही. बाके सारून सतरंजीवर गोल बसायचे, शिक्षकांनीही खालीच.

गोष्ट मुलांच्या अनुभवापासून थोडी लांबची घ्यावी. वस्तीत दगडफेक झाली असेल तर दगडफेकीची गोष्ट सांगू नये, एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन गावांची सांगावी. विहिरीबद्दल बोलता बोलता मूल झेपेल तेवढे स्वतःचे बोलते आणि नकोसे झाले की पुन्हा विहिरीकडे वळते. दहा मिनिटांत, भांडण ऐन भरात असताना गोष्ट थांबवायची. शेवट सांगायचा नाही. नेमका इथेच शिक्षकांचा धीर सुटतो आणि ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न येतो. मग पाठ केलेली उत्तरे येतात आणि तास तिथेच संपतो. त्यापेक्षा विचारावे, ‘पलीकडच्या गावातल्या म्हातारीला त्या रात्री झोप लागली असेल का?’

त्यानंतर तो प्रसंग करून बघायचा. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी सत्तरच्या दशकात रुजवलेली फोरम थिएटरची पद्धत इथे फार उपयोगी पडते. प्रसंग एकदा वाईट शेवटापर्यंत करायचा. दुसऱ्या वेळी बघणाऱ्यांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणायचे, ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या जागी उभे राहायचे आणि वेगळे काही करून पाहायचे. दांडगाई करणाऱ्याला एकाएकी सज्जन करता येणार नाही, हा नियम कडक पाळावा. तसला चमत्कार बाहेर मुलांच्या हाती नसतो. वर्गातल्या दांडगट मुलाला दर वेळी तीच भूमिका देऊ नये, शिक्का कायमचा बसतो. शेवटी भूमिका उतरवायची: हातपाय झटकायचे, स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे, जागा बदलायची. ही दोन मिनिटे गाळली तर मधल्या सुट्टीत तेच भांडण खरोखर जुंपते.

आठवी-नववीच्या मुलांसाठी संत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ घ्यावा. त्यात दोघे एकमेकांच्या धर्मावर सडकून टीका करतात आणि अखेरीस गळाभेट घेतात. गळाभेटीच्या आधी थांबून मुलांनाच पुढचे बोलू द्यावे. मुलांचे खरे प्रश्न रंगमंचावर आणणारी ग्रिप्स नाट्यचळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केली. त्या वळणाचे नाटक जाणणारी माणसे या शहरात आहेत, शाळांनी त्यांना बोलवावे.

ज्यांना बोलायचे नसते त्यांच्यासाठी शाडू माती. प्रत्येकी पाव किलो पुरते. ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी, नाहीतर तडकते. ‘तुझे दुःख बनव’ असे कधीही सांगू नये. ‘हे काय केलेस?’ असेही विचारू नये. ‘याबद्दल काही सांगायचे आहे?’ एवढेच विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर मानावे. गुण नाहीत, क्रमांक नाहीत, फोटो नाहीत आणि व्हरांड्यात प्रदर्शनही नाही. मुलाने विश्वासाने केलेली वस्तू पालकसभेत मांडली की ते मूल पुन्हा मातीला हात लावत नाही.

कलाशिक्षक म्हणजे समुपदेशक नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे तेच भयानक चित्र काढत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, किंवा मारहाणीचा उल्लेख झाला असेल, तर गोष्ट पुढे रेटू नये. वर्गासमोर चौकशी करू नये, मुलाला ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. बालकांसाठीची १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची १४४१६ ही मदतवाहिनी पहिल्या तासाच्या आधीच शिक्षकांच्या वहीत लिहिलेली असावी.

आपले,
शालेय कला व नाट्य शिक्षक, पुणे