नवे शिकताना जुने पुसू नये यासाठी

ठाणे

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या प्रकल्पातील न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमला, आधी मुळाक्षरे आणि नंतर जोडाक्षरे शिकवली, तेव्हा ते जोडाक्षरे उत्तम ओळखू लागले. पण पूर्वी बिनचूक ओळखलेले 'क' आणि 'ख' त्याला ओळखता येईनात. कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना स्मृती हाच विषय मला सर्वांत जवळचा वाटत आला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हा तुमच्या प्रोग्रॅमचा दोष नाही. १९८९ साली मॅक्लॉस्की आणि कोहेन या संशोधकांनी एका छोट्या नेटवर्कला आधी एकाच्या बेरजा शिकवल्या आणि त्या पक्क्या झाल्यावर दोनाच्या. दोनाच्या शिकता शिकता एकाच्या पुसल्या गेल्या. नेटवर्कमध्ये प्रत्येक गोष्टीला वेगळा कप्पा नसतो. सारे ज्ञान त्याच जोडण्यांच्या वेट्समध्ये, म्हणजे प्रत्येक जोडणी किती प्रबळ आहे हे सांगणाऱ्या आकड्यांमध्ये, पसरलेले असते, आणि समोरची चूक कमी करण्यासाठी वेट्स बदलले जातात तेव्हा जुन्या उत्तरांचा हिशेब त्यात कुठेच नसतो.

माणसाचे असे का होत नाही? आपण नौपाड्यातून घोडबंदर रस्त्याला राहायला आलो, तेव्हा तू घरचा नवा रस्ता थोड्याच दिवसांत शिकलीस, पण जुन्या घराची गल्ली आजही डोळे मिटून सांगशील. १९९५ साली मॅक्लेलँड, मॅकनॉटन आणि ओ'रायली या संशोधकांनी याचे जे स्पष्टीकरण मांडले, ते मला आजवरच्या सर्व चौकटींत अधिक पटते. त्यांच्या मते मेंदूत शिकण्याच्या दोन व्यवस्था आहेत: हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतला छोटा भाग एखादा प्रसंग चटकन टिपतो, तर कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, अनेक अनुभवांतील सामायिक धागा सावकाश पकडतो, आणि टिपलेले प्रसंग पुन्हा पुन्हा जागवून, जुन्यात मिसळून, हळूहळू कॉर्टेक्सपर्यंत पोहोचवले जातात. झोपेत हे जागवणे घडते, याचा पुरावा त्याच्या आदल्या वर्षी उंदरांच्या मेंदूतील पेशींच्या नोंदींतून मिळाला होता. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ साली शस्त्रक्रियेने काढल्यावर त्यांना नवे प्रसंग लक्षात ठेवता येईनात, मात्र बालपणीच्या आठवणी शिल्लक राहिल्या. दोन व्यवस्था मानल्याशिवाय याचा अर्थ लावणे कठीण आहे.

यंत्राकडेही असा उपाय आहे. २०१५ साली अटारीचे व्हिडिओ गेम खेळायला शिकलेल्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या प्रणालीत मागील चाली साठवून त्यांतील काही यादृच्छिकपणे निवडून पुन्हा शिकवण्यात येत होत्या. म्हणून 'यंत्र माणसासारखेच शिकते' हे तुमच्या वर्गात ऐकलेले वाक्य मला अपुरे वाटते. तुमचे नेटवर्क कॉर्टेक्ससारखे सावकाश शिकते, हे खरे. पण प्रसंग चटकन टिपून नंतर परत पुरवणारी दुसरी व्यवस्था तुम्ही त्याला दिलेलीच नाही.

तेव्हा जोडाक्षरांच्या प्रत्येक गटात मुळाक्षरांचे काही नमुने मिसळून पाहा. किती मिसळावेत, हे प्रयोगानेच ठरेल. प्रत्येक टप्प्यानंतर नव्याबरोबर जुन्या अक्षरांचीही चाचणी घे आणि दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी मांड. केवळ जोडाक्षरांचा आकडा दिलास तर वाचणाऱ्याला अर्धेच कळेल. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागून एकच विषय घोकण्याची तुझी सवय याच कारणासाठी सोड. दिवाळीला येशील तेव्हा ते आकडे घेऊन ये, मला ते नीट पाहायचे आहेत.

तुझी,
आई