वाड्याच्या परसदारी बांधलेल्या काचेच्या खोलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय: वाई येथील आमच्या वाड्यातील काचेच्या खोलीचे सदोष काम दुरुस्त करून मिळण्याबाबत
संदर्भ: आपले मंजूर कोटेशन व सोबतचा नकाशा

महोदय,

आपल्या कंपनीने या उन्हाळ्यात आमच्या वाड्याच्या मागे, स्वयंपाकघराला लागून काचेच्या छताची खोली बांधून दिली. पहिल्याच पावसात जुनी भिंत आणि नवे छत जिथे मिळतात तिथून पाणी आत येऊ लागले. तक्रार केली की आपला माणूस येतो, सिलिकॉनचा आणखी एक थर ओढून जातो आणि पुढच्या सरीला पुन्हा तेच. म्हणून हे लेखी पत्र.

गळतीपेक्षा मला भिंतीची काळजी जास्त आहे. ही भिंत विटांची, चुन्यात बांधलेली आहे. अशी भिंत थोडी ओल घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती सोडूनही देते, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. आपल्या लोकांनी फ्रेम बसवताना जुना गिलावा फोडला आणि ती सगळी जागा सिमेंटने लिंपून टाकली. आता वरून शिरलेले पाणी सिमेंटमागे अडकते आणि स्वयंपाकघराच्या बाजूने वाट काढते. तिथल्या कोनाड्याच्या वर लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा खार) फुटला आहे. बोट लावले तरी गिलावा पिठासारखा खाली गळतो. याच भिंतीत माजघराच्या सागवानी तुळईचे टोक आहे. ते काळे पडले असून सुताराने टोकरून पाहिले तेव्हा मऊ लागले. तुळई गेली तर वरचा मजला धोक्यात येईल. हे नुकसान सिलिकॉनने भरून येणारे नाही.

मुळात जोडच चुकीचा आहे. विटांच्या दोन थरांमधल्या सांध्यात खाच घेऊन त्यात पत्र्याची पट्टी बसवायची आणि ती फ्रेमवर वळवायची, असे आपल्याच नकाशात दाखवले आहे. प्रत्यक्षात पट्टी नाहीच. शिवाय तीन मीटर लांबीचे अॅल्युमिनियम 30 अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर वाढते. पश्चिमेच्या उन्हात तापणारी ही फ्रेम सिमेंटमध्ये गच्च बसवल्यावर सिलिकॉनची कड सुटणारच.

दुसरी गोष्ट काचेची. कोटेशनमध्ये छताला लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट थर असलेली काच लिहिली आहे. बसवलेली काच एकेरी आहे. कडेने पाहिले तर मधला थर दिसत नाही आणि कोपऱ्यातल्या शिक्क्यावर फक्त ‘टफन्ड’ (तापवून कडक केलेली) असे आहे. टफन्ड काच मजबूत असते हे मान्य. पण आत निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर ती धक्का न लागताही फुटू शकते आणि सगळे तुकडे खाली कोसळतात. लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. त्या छताखाली माझ्या सासूबाई भाजी निवडत बसायच्या. काच बदलेपर्यंत मी त्यांना तिथे बसू देणार नाही.

छताजवळच्या उघडणाऱ्या झडपाही बसवलेल्या नाहीत, त्यामुळे दुपारी खोलीत थांबवत नाही.

माझी मागणी अशी: सिमेंट काढून चुना-सुरखीचा (चुना व विटांची पूड) गिलावा करावा, जोड नकाशाप्रमाणे पट्टी घालून नव्याने करावा, छताला कबूल केलेली काच आणि झडपा बसवाव्यात व तुळईच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. हे होईपर्यंत उरलेली रक्कम मी देणार नाही. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कामाची लेखी तारीख कळवावी, अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

भिंत सुकल्याशिवाय नवा गिलावा चालणार नाही. तोवर जोडावर ताडपत्री बांधण्यासाठी माणूस या आठवड्यातच पाठवावा, आणि पुढच्या कामाला चुन्यात काम केलेलाच गवंडी द्यावा.

आपली,
(सही)
वाडामालक व ग्राहक

सोबत: कोटेशन व नकाशाची प्रत, भिंत, तुळई आणि काचेवरील शिक्क्याचे फोटो